बत्तीस नंबरच्या ड्रायव्हरचा उजवा पाय

आमच्या आगारात कुणाचं खरं नाव फार दिवस टिकत नाही. तो बत्तीस नंबरची बस चालवायचा, आणि हसला की सगळे दात बाहेर, म्हणून त्याला सगळे बत्तीशी म्हणायचे. हजेरीपटावर दुसरं काहीतरी होतं, पण त्या नावाने हाक मारली असती तर त्यानेही मागे वळून पाहिलं नसतं. मी त्याच्या बसवर आठ वर्षं तिकिटं फाडली. मी वयाने सहा वर्षांनी मोठी, म्हणून तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचे. रोज आठ तास एकाच गाडीत काढले की माणूस पाठीमागूनही ओळखता येतो. त्याच्या मानेवरून मला कळायचं की आज घरी वाजलंय की मुलीला चांगले मार्क पडलेत. म्हणून पुढे जे घडलं त्यातला थोडा दोष माझ्याही पदरात पडतो. तो मी टाळणार नाही.

धावायचं वेड त्याला कुणी लावलं नव्हतं. त्याची पहिली फेरी साडेपाचची. पहिल्या बसच्या ड्रायव्हरला आगारात आणून सोडायला कुठली बस असणार? त्याची स्कूटर होती, ती एकदा महिनाभर गॅरेजात पडून राहिली. तेव्हा तो सहा किलोमीटर चालत यायला लागला. उशीर झाला की पळायचा, आणि उशीर त्याला रोज व्हायचा. स्कूटर दुरुस्त होऊन आली, तरी हा पळतच येत राहिला. तीन-चार वर्षांत पोट गेलं, आणि गप्पांमध्ये किलोमीटरशिवाय दुसरा विषय उरला नाही. शेवटी मुलीने त्याचं नाव बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत घातलं.

"ताई, काल अठ्ठावीस झाले," शेवटच्या थांब्यावर पाण्याची बाटली उघडत तो सांगायचा.

"अरे, त्याच रस्त्याने आपली बस जाते. बसून गेला असतास."

शर्यतीला साडेपाच महिने होते तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशी त्याचं लांबचं धावणं झालं होतं आणि सकाळपासून तो सीटवर अवघडून बसला होता. एका थांब्यावर एक बाई शिवणयंत्राची लाकडी पेटी घेऊन चढत होत्या. पेटी पायरीवर अडकली. माझ्या आधी तोच उतरला, वाकला, पेटी उचलून वर ठेवली आणि तसाच वाकलेला राहिला.

मी म्हटलं, "पेटीच्या पाया पडतोयस का?"

"ताई, हसवू नका," तो दातांतून म्हणाला. "कमरेत उसण भरलीय."

उसण कुणाला भरत नाही? लेप लावला, पट्टा बांधला, गोळ्या घेतल्या, आणि चौथ्या दिवशी तो ड्युटीवर हजर. दहा-बारा दिवसांनी म्हणाला, "दुखणं गेलं, ताई. साफ गेलं." आणि बत्तीशी दाखवली.

पण तो गाडीत चढताना मी पाहिलं. डावा पाय वर टाकला, आणि उजवा पाय पँट धरून हाताने वर घेतला. एकदा नाही, रोज. मी एकदाच विचारलं, "पायाचं काय?"

"झोपलाय जरा. उठेल."

मी विषय सोडला. त्याच्याऐवजी कुठला तरी खडूस ड्रायव्हर माझ्या माथी बसेल, हे एक कारण. दुसऱ्याच्या दुखण्यात किती नाक खुपसायचं, हे दुसरं. दोन्ही कारणं आता मलाच पटत नाहीत.

त्याने नंतर सांगितलं ते असं. कमरेतली कळ आधी मांडीच्या मागे उतरली, तिथून पोटरीत गेली, आणि एक दिवस कळ थांबली. तिच्या जागी उजव्या पायाचा अंगठा आणि तळवा बधिर झाला. जाड मोजा घातलाय आणि तो काढताच येत नाही, असं काहीतरी. तरी तो सकाळी बारा-चौदा किलोमीटर धावत होता. उजवा बूट रस्त्यावर फटफट आपटायचा, तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून कानात गाणी लावायचा. बायकोला सांगितलं नाही, मुलीला नाही. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

त्या गुरुवारी सकाळचे अकरा वाजले असतील. बस अर्धी रिकामी. वाचनालयासमोर एक उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे. तो ब्रेक कुठल्या झाडापाशी लावतो ते माझ्या तळपायांना पाठ होतं. मी एका आजोबांचं तिकीट फाडत होते. झाड मागे गेलं आणि बस हळू झाली नाही. उलट किंचित पुढे ओढली गेली.

मी मान वर केली. पट्ट्यांवर एक बाई होती, जुळ्या बाळांची रुंद ढकलगाडी घेऊन.

मग असा ब्रेक लागला की मी दांड्यावर जाऊन आदळले. आजोबांची पिशवी पुढपर्यंत घरंगळत गेली. बस थांबली. समोरच्या काचेतून मला त्या बाईचा चेहरा दिसत होता, तिचा एक हात आमच्या बसच्या पत्र्यावर टेकलेला दिसत होता. ढकलगाडी दिसत नव्हती. ती बसच्या नाकाखाली होती आणि मला दिसत नव्हती. मी किती वेळ श्वास घेतला नाही ते मला माहीत नाही. मग डाव्या बाजूने आधी एक छोटं चाक बाहेर आलं, मग दुसरं, मग निळी छत्री असलेली अख्खी गाडी. बाई ओरडली नाही. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि फुटपाथवर चढून निघून गेली.

मी पुढे गेले. "काय झालं रे?"

"काही नाही. लक्ष गेलं जरा."

त्याची कॉलर घामाने काळी झाली होती. पुढचे चार थांबे त्याने बस बैलगाडीच्या चालीने नेली. आरशात मला दिसत होतं, प्रत्येक थांब्याआधी तो खाली बघत होता. स्वतःच्या पायाकडे. मी घंटी एरवीपेक्षा खूप आधी वाजवत होते. तेव्हाच बस थांबव म्हणायला हवं होतं. मी नुसती घंटीच वाजवत राहिले.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. त्याने इंजिन बंद केलं.

"ताई, पाय कुठे आहे ते मला कळलंच नाही," तो समोर बघत म्हणाला. "ब्रेक दाबलाय असंच वाटलं. खाली बघितलं तर पाय ॲक्सिलरेटरवर."

"कधीपासून आहे हे?"

"तीन आठवडे झाले." मग घाईघाईने म्हणाला, "कुणाला बोलू नका. शर्यत झाली की दाखवतो डॉक्टरला. तोवर मी बघून बघून चालवेन."

"मी पाणी पिऊन येते," मी म्हटलं. "तेवढ्यात ठरव, नियंत्रकाला तू सांगतोस की मी सांगू."

मी नळावर गेले. बाटली भरली, ओतून टाकली, पुन्हा भरली. परत आले तर तो खाली उतरून कठड्यावर बसला होता. फोन मांडीवर. "सांगितलं," तो म्हणाला. "त्या बाईचंही सांगितलं." दुसरा ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन निघाला तेव्हा बत्तीशी प्रवाशांच्या सीटवर बसला, पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून. आगार येईपर्यंत त्याने हात सोडले नाहीत.

डॉक्टरांनी तपासणीचे फोटो दाखवले. दोन मणक्यांमधली चकती सरकून नसेवर बसली होती. शस्त्रक्रियेची गरज बहुधा पडणार नाही म्हणाले. आठ-दहा आठवडे सांभाळायचं, थोडं थोडं चालायचं, धावायचं अजिबात नाही. आणि जाता जाता म्हणाले की पाऊल लोंबायला लागलं, किंवा लघवीवरचा ताबा गेला, लघवी होईनाशी झाली, तर एक मिनिटही घरी थांबू नका. डॉक्टरांनी आपलं काम केलं. पण बत्तीशीच्या डोक्यात तेवढं एकच वाक्य राहिलं, बाकी सगळं वाहून गेलं.

मी आठवड्यातून एकदा त्याच्या घरी जायचे. तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चष्म्याच्या दुकानात कामाला. दार उघडताना एकदा त्या हळूच म्हणाल्या, "जगाला नंबर काढून देते ताई, आणि घरातला पाय मला दिसला नाही." मला दिसला होता.

थोडं थोडं चाला असं सांगितलं होतं, पण तो पलंग सोडेना. उशीखाली कंगवा ठेवलेला. दर तासाला कंगव्याचे दात अंगठ्यावर टोचून बघायचा, कळतंय का. सकाळी डोळे उघडायच्या आधी पायाची बोटं हलवून घ्यायचा, आणि ती हलली तरच डोळे उघडायचा. शेजारपाजारचे बघायला येत. मणका घसरलेला एक काका प्रत्येकाच्या घरी असतोच, आणि तो काका पुन्हा उठला नाही, हेही सांगितल्याशिवाय कुणी चहाचा कप खाली ठेवत नाही.

एकदा मी बसले असताना त्याला शिंक यायला लागली. शिंकेने चकती पुन्हा सरकते असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. चेहरा राखेसारखा झाला. त्याने पलंगाची कड धरली. वहिनी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावल्या आणि त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे दाबून उभ्या राहिल्या. मुलीने त्याचं नाक चिमटीत धरलं. मी नुसतीच उठून उभी राहिले. आम्ही चौघं असे पुतळ्यासारखे, आणि शिंक परत गेली. कुणी हसलं नाही. वहिनींच्या हाताचा ओला ठसा त्याच्या शर्टावर उमटला होता. मुलगी दुसऱ्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पाचव्या आठवड्यात, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी त्याचा फोन आला. वहिनी दुकानात, मुलगी कॉलेजात.

"ताई," तो म्हणाला. मग एका दमात बोलला, "सकाळपासून मला लघवी झालेली नाही."

ज्या माणसाने माझ्यासमोर कधी शर्टाचं वरचं बटण उघडलं नाही, तो मला हे सांगत होता. मी चप्पल घातली की नाही तेही मला आठवत नाही. टॅक्सीत तो मागच्या सीटवर आडवा पडला, डोकं माझ्या पिशवीवर. सारखं एकच विचारत होता, "पाऊल लोंबतंय का बघा." लोंबत नव्हतं. पण मला काय कळतंय? मी पाऊल हातात धरून बसले. गार पडलं होतं.

दवाखान्यात एक पोक्त परिचारिका आली. तिने पाय तपासले, पोट दाबून पाहिलं, जिथे विचारायचं तिथे कळतंय का ते विचारलं. सगळं कळत होतं. मग तिने विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

तो छताकडे बघत राहिला. "प्यायलो नाही."

"काल?"

"काल दुपारी एक कप चहा."

उठून संडासापर्यंत जायची भीती, म्हणून त्याने पाणीच सोडलं होतं. परिचारिकेने मोठा तांब्या आणून ठेवला आणि तो संपेपर्यंत हलली नाही. तासाभरात प्रश्न सुटला. बाहेरच्या बाकावर मी एकटी हसले आणि मग मला रडू आलं. डॉक्टरांनी त्याला त्याच मजल्यावरच्या व्यायामाच्या खोलीत पाठवलं.

तिथली फिजिओथेरपिस्ट म्हणजे वीस-बावीस वर्षांची असावी अशी दिसणारी, बारीक आवाजाची मुलगी. खोलीत मोठा आरसा, चटया, रबराचे चेंडू. तिने त्याला बरंच वाकवलं, झुकवलं, टाचांवर चालवलं. मग जमिनीवर एक पेन्सिल टाकली आणि म्हणाली, "उचला."

तो पेन्सिलीकडे बघत उभा राहिला. कपाळावर घाम आला.

"आज नाही जमणार," तो म्हणाला.

"बरं. उद्या."

मग त्याने विचारलं, "समजा मी वाकलो आणि पुन्हा सरकली तर?"

"सरकू शकते," ती म्हणाली. "नाही सरकणार असं मी लिहून देणार नाही. पण पडून राहिलात तर आधाराचे स्नायू जातील, आणि मग शिंकेनेसुद्धा सरकेल."

मला वाटलं, संपलं, आता हा पुन्हा पलंग गाठतो. पण खाली उतरताना तो जिन्यात थांबून म्हणाला, "ताई, काही होत नाही असं न म्हणणारी ही पहिलीच." दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन गेला.

पेन्सिल उचलायला त्याला नऊ दिवस लागले. रोज जिना उतरून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायचा, भिंतीला बोटं लावून. मग भिंत सुटली. मग बागेला फेरी. नवव्या आठवड्यात अंगठ्यात आग व्हायला लागली, तापलेल्या वाळूवर पाय ठेवल्यासारखी, आणि हा पुन्हा घाबरून पांढरा. ती मुलगी म्हणाली की नस जागी होतेय, जागं होताना कुरकुर करणारच. पुढे हळूहळू आग कमी झाली. एकदा वहिनींनी त्याला डोळे मिटायला लावून अंगठ्यावर कापूस फिरवला. त्याने दहाच्या दहा वेळा बरोबर सांगितलं.

धावायची परवानगी मिळाली ती शर्यतीला सात आठवडे उरले असताना. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. पहिल्या दिवशी शाळेच्या मैदानावर मीही गेले होते. मुलीच्या हातात घड्याळ.

"बाबा, चालू केलंय."

तो हलला नाही. तिने घड्याळ शून्यावर आणलं, पुन्हा चालू केलं. तरी नाही. असं तीनदा झालं. मुलगी एकदाही वैतागली नाही, याचं मला कौतुक वाटलं. चौथ्या वेळी तो निघाला. डोक्यावर काठोकाठ भरलेली बादली असल्यासारखा ताठ, हात अंगाला चिकटलेले. मिनिट झालं तेव्हा तो मैदानाच्या पार टोकाला होता आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभा. दुखत होतं म्हणून नव्हे. आता दुखेल, आता दुखेल, अशी वाट बघत होता.

बेचाळीसचं नाव कुणी काढलं नाही. त्याच दिवशी एकवीसची शर्यत होती, तिच्यात नाव बदलून घेतलं. चालत-धावत, वेळेकडे न बघता. फिजिओथेरपिस्टची एकच अट होती. पाय बधिर वाटला की तिथल्या तिथे थांबायचं. एक पाऊलही पुढे नाही.

मधल्या काळात आगाराच्या डॉक्टरांनी त्याला बस चालवायला योग्य ठरवलं होतं. तो मात्र चौकशीच्या खिडकीत बसून प्रवाशांना वेळा सांगत होता. "शर्यत होऊ दे, मग बघू," म्हणायचा. मी खोदून विचारलं नाही. धावताना पडला तर तो एकटा पडणार होता. बसमध्ये आम्ही सगळे होतो.

शर्यतीच्या दिवशी मी, वहिनी आणि मुलगी चौदाव्या किलोमीटरपाशी उभ्या होतो. तो येताना दिसला, तेव्हा चांगला धावत होता, खांदेही सैल सोडलेले. मुलीने हात वर केला. आणि आमच्यापासून वीस पावलांवर तो थांबला. रस्त्याच्या कडेला आला आणि खाली बसला. चेहऱ्यावर तीच राख.

"अंगठा गेला," तो म्हणाला. "ताई, अंगठा गेला."

मला ढकलगाडीचं ते छोटं चाक दिसलं. वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि त्याच्या बुटाची लेस सोडायला लागल्या. सुटेना. सुटू नये म्हणून त्याने तिला तिहेरी गाठ मारली होती, तीही करकचून. शेवटी वहिनींनी दातांनी सोडवली. मोजा काढला तर पायावर लेसचे लाल वळ. त्यांनी पाऊल चोळलं. दोन मिनिटांत तो म्हणाला, "आली. संवेदना आली."

"लेस होती हो," वहिनी म्हणाल्या.

मुलगी म्हणाली, "बाबा, सातच राहिलेत. सैल बांधून जा."

तो बराच वेळ पायाची बोटं हलवत बसला. बाजूने माणसं धावत जात होती, कुणीतरी टाळ्या वाजवून त्याला उठायला सांगत होतं.

"लेस असो नाहीतर नस," तो म्हणाला, "थांबायचं कबूल केलंय. चला घरी."

मुलीचं तोंड उतरलं. वहिनींनी बूट हातात घेतला आणि आम्ही मागच्या गल्लीने बाहेर पडलो, तो एका पायात बूट आणि एका पायात मोजा घालून. एकवीस पुरे केले नाहीत याचं वाईट त्याला वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगते, त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की मी पुन्हा ह्या माणसाच्या मागे बसमध्ये उभी राहू शकेन.

पुढच्याच सोमवारी त्याने अर्ज दिला. आगाराच्या मैदानात त्याची चाचणी झाली, रिकामी बस, आडवे ठेवलेले पिंप. तो पास झाला, आणि पंधरा दिवसांनी बत्तीस नंबर पुन्हा आमची झाली. पहिला आठवडा मी उतारावर दांडा घट्ट धरून उभी राहायचे. त्याने आरशातून पाहिलं होतं, पण मी हात लपवला नाही. त्याच्या कॉलरवर घाम असायचा. तो घाम महिन्याभराने जायला लागला.

याला आता दीड वर्ष झालं. तो सकाळी आठ किलोमीटर धावतो, त्याहून जास्त नाही. बेचाळीसचं विचारलं तर "बघू" म्हणतो, आणि वहिनी दुसरीकडे बघतात. परवा सकाळी त्याच्या पायाला मुंग्या आल्या. डाव्या पायाला. त्याने आधी नियंत्रकाला फोन केला, मग डॉक्टरकडे गेला. निघालं काहीच नाही, पाय अंगाखाली घेऊन झोपला होता इतकंच. एक रजा फुकट गेली. त्या दिवशी बत्तीस नंबर एका नव्या ड्रायव्हरने चालवली. तो वळणं फार जोरात घेतो, माझा खांदा अजून दुखतोय.